क्रॉमफर्ड: खाणीचं पाणी, गिरणी आणि कालव्याचा धक्का

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात डरवेंट नदीच्या काठी क्रॉमफर्ड नावाचं लहान गाव आहे. नदीवर तीन कमानींचा जुना दगडी पूल आहे. पुलापासून चालत पाच-दहा मिनिटांवर रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली सुरू केलेल्या सूतगिरणीचं आवार आहे, आणि रस्ता ओलांडला की क्रॉमफर्ड कालव्याचा शेवटचा धक्का. धक्क्यासमोर नावा वळवता याव्यात म्हणून रुंद केलेलं पाणी आहे आणि काठावर दगडी गोदामं. पाण्याच्या शक्तीवर यशस्वीपणे चाललेली जगातली पहिली सूतगिरणी म्हणून ही जागा ओळखली जाते. २००१ साली मॅटलॉक बाथपासून डर्बीपर्यंतचा डरवेंटचा सुमारे २४ किलोमीटरचा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्याच्या वरच्या टोकाला हे गाव येतं.

पूल, गिरणी, धक्का असे तीन वेगळे फोटो काढून या जागेचं वर्णन करता येतं आणि बहुतेक वेळा तसंच केलं जातं. मला ते अपुरं वाटतं. या तिन्ही गोष्टी पाण्याशी असलेल्या नात्यातून उभ्या राहिल्या, आणि त्यातली गिरणी पाणी गेल्यामुळेच बसली. पुढे तिचं जतन झालं तेही तो पाण्याचा मार्ग अजून जागेवर वाचता येत होता म्हणून अर्थपूर्ण ठरलं. औद्योगिक वारशाचं काम करणाऱ्यांनी, विशेषतः मुंबईच्या गिरण्यांबद्दल कळकळ असणाऱ्यांनी, हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी पूल

पूल गिरणीपेक्षा तीनशेच्या आसपास वर्षांनी जुना, १५व्या शतकातला. त्याच्या एका टोकाला लहान प्रार्थनाघर होतं. प्रवासी पूल ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडल्यावर तिथे थांबत. त्याचे अवशेष अजून उभे आहेत. पुढे वाहतूक वाढली तसा पूल रुंद करावा लागला. हे काम करणाऱ्यांनी जुना पूल पाडला नाही, त्याला लागून नवी बाजू बांधली. त्यामुळे आज काठावर उतरून पाहिलं तर एका बाजूने कमानी टोकदार दिसतात, मध्ययुगीन वळणाच्या, आणि दुसऱ्या बाजूने अर्धगोल. एकाच पुलाच्या दोन बाजू दोन काळांतल्या. कठड्याच्या दगडावर जून १६९७ मध्ये एका घोडीने घेतलेल्या उडीची नोंद कोरलेली आहे. घोडी स्वारासकट कठड्यावरून खाली गेली, असं सांगतात.

हा पूल आजही रोजच्या वापरात आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसट्या आणि कितीतरी जीव गेले. तेव्हापासून जुना दगडी पूल म्हटलं की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, तो कधी पाडायचा. ती भीती खरी आहे आणि तिची किंमत आपण मोजली आहे. पण दगडी कमानीला धोका सहसा पायाखालची माती वाहून गेल्याने आणि सांध्यांतला चुना निघून गेल्याने होतो, आणि या दोन्ही गोष्टी तपासता येतात. जुन्या पुलाचं आयुष्य पुरानंतर खाली उतरून पाया बघणाऱ्या माणसांवर अवलंबून असतं.

गिरणी सुरू झाली तेव्हा कालवा नव्हता. कापूस यायचा तो रस्त्याने आणि सूत जायचं तेही रस्त्याने. म्हणून गिरणीच्या पहिल्या वीस-बावीस वर्षांची गोष्ट सांगताना पुलाला आणि त्या रस्त्यांना वगळता येत नाही.

नदी समोर असून ओढ्याचं पाणी का

नकाशा बघितला की पहिला प्रश्न हाच पडतो. डरवेंटसारखी मोठी नदी शेजारून वाहते, तरी आर्कराइटने पहिली गिरणी नदीवर बांधली नाही. त्याने दोन लहान प्रवाह निवडले. एक बॉन्सल ओढा. दुसरा क्रॉमफर्ड सफ, म्हणजे जवळच्या डोंगरातल्या शिशाच्या खाणींत साचणारं पाणी बाहेर काढण्यासाठी खणलेला बोगदा. त्याचं काम १७व्या शतकातलं. खाणवाल्यांच्या दृष्टीने ते पाणी म्हणजे टाकाऊ माल. ते बाहेर पडलं की त्यांचं काम झालं.

आर्कराइटला त्या पाण्याची किंमत दिसली. नदीला पूर येतो, उन्हाळ्यात ती उतरते, आणि तिला अडवायला मोठा बंधारा लागतो. डोंगराच्या पोटातून येणारं पाणी बाराही महिने जवळपास सारखं येतं. शिवाय ते थोडं कोमट असतं, त्यामुळे कडक थंडीतही गोठत नाही. चाक थांबलं की सगळ्या चात्या, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या सळ्या, थांबतात. तेव्हा न गोठणारं पाणी म्हणजे बारमाही चालणारं काम. पैसा आणि अनुभव गाठीशी आल्यावर त्याने १७८३ साली थोडं वर मॅसन गिरणी थेट डरवेंटवर बांधली. ती थेट १९९१ पर्यंत कापड उद्योगात राहिली.

आर्कराइट मूळचा प्रेस्टनचा. न्हाव्याचं काम आणि टोप बनवणं हा त्याचा धंदा. जॉन के नावाच्या घड्याळजीच्या मदतीने त्याने सूत कातण्याचं यंत्र तयार केलं आणि १७६९ साली त्याचं पेटंट घेतलं. रुळांच्या जोड्यांतून पेळू ओढला जातो. प्रत्येक पुढची जोडी मागच्यापेक्षा वेगाने फिरते म्हणून तो बारीक होत जातो, आणि शेवटी चाती त्याला पीळ देते. हे सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, पुरेल इतकं मजबूत निघायचं. तोवर इंग्लंडमध्ये ताणा बहुतेक जवसाच्या खोडापासून काढलेल्या, म्हणजे लिननच्या धाग्याचा घालत.

इथे आपला संबंध येतो. भारतीय छिटांची आयात आणि वापर रोखण्यासाठी इंग्लंडने १७२१ साली सुती कापडावर बंधनं घातली होती. स्वतःचं सुती कापड काढता येऊ लागल्यावर तीच बंधनं आर्कराइट आणि त्याचे भागीदार यांच्या आड आली. त्यांनी संसदेकडे दाद मागितली आणि १७७४ मध्ये इंग्लंडमध्ये बनलेल्या सुती कापडाला मोकळीक मिळाली. म्हणजे आपल्या विणकरांच्या मालाला अडवण्यासाठी उभी केलेली भिंत क्रॉमफर्डच्या सुतासाठी मोकळी करून देण्यात आली. गिरणीच्या दगडी भिंतींइतकीच ही गोष्टही वारशाचा भाग आहे.

पाणी गोळा करण्याची आणि वळवण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने वाढली. १७८५ च्या सुमारास गावाच्या मध्यावर ग्रेहाउंड तळं तयार झालं, पाणी साठवून हवं तेव्हा सोडण्यासाठी. खाणीच्या बोगद्याचं पाणी या तळ्याकडे वळवायला जमिनीखाली दगडी विहिरीसारखी जागा बांधून त्यात झडप बसवली. गावात तिला ‘अस्वलाचा खड्डा’ म्हणतात. ही जागा आजही आहे. तिथून पाणी गिरणीकडे यायचं ते रस्त्यावरून पन्हळीतून. आधी ती लाकडी होती. १८२१ साली तिच्या जागी ओतीव लोखंडाची पन्हळ बसवली. ती अजून गिरणीच्या रस्त्यावर आडवी उभी आहे. खालून जाणाऱ्या माणसाला वर पाहिल्याशिवाय राहवत नाही. या अख्ख्या जागेत पाण्याचा मार्ग सर्वांत उघडपणे दिसतो तो इथे.

घंटा आणि फाटक

पहिली गिरणी पाच मजली होती. १७७६-७७ मध्ये शेजारी सात मजली दुसरी गिरणी उभी राहिली. काम रात्रंदिवस चाले, दोन पाळ्यांत. पहाटे पाच आणि संध्याकाळी पाचला घंटा व्हायची आणि बरोबर सहाला फाटक बंद. उशीर झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. लालबाग-परळच्या घराघरांत भोंग्याच्या आठवणी आहेत. भोंग्याची ती शिस्त कारखान्यात बसवण्याचं काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झालं ते इथे.

कामाला अख्खी कुटुंबं लागायची आणि त्यांत मुलं मोठ्या संख्येने असायची, सुरुवातीला सात वर्षांचीही. पुढे ही मर्यादा दहा वर्षांवर नेली गेली. आर्कराइटने कामगारांसाठी घरं बांधली. १७७६ च्या नॉर्थ स्ट्रीटवरची तीन मजली घरं आजही वापरात आहेत. वरच्या मजल्यावर विणकरांसाठी प्रकाश यावा म्हणून लांब खिडक्या ठेवल्या होत्या. आई-मुलं गिरणीत सूत कातणार, बाप वर माग चालवणार, अशी ही रचना. तिला कामगार कल्याण म्हणून गौरवणारं लिखाण पुष्कळ आहे. घरं चांगली होती हे खरंच, पण घर आणि नोकरी एकाच मालकाच्या हातात होती हे त्या गौरवात हरवू नये.

आणि कापूस? गिरणी वाढत गेली तसा कच्चा माल वेस्ट इंडीजमधून आणि नंतर अमेरिकेतून येऊ लागला, गुलामांच्या श्रमातून पिकवलेला. डरवेंट खोऱ्यातल्या वारसास्थळांवर हे आता उघडपणे सांगितलं जातं. ते सांगायलाच हवं.

आवाराच्या रस्त्याकडच्या भिंतींत खालच्या मजल्यांवर खिडक्या जवळपास नाहीत. १७७९ मध्ये लँकशरमध्ये बर्कएकर इथली आर्कराइटची गिरणी जमावाने उद्ध्वस्त केली. यंत्रांमुळे हाताचं काम जाणार ही भीती त्यामागे होती. त्यानंतर क्रॉमफर्डमध्ये बचावाची तयारी झाली, तोफाही आणल्या गेल्या. आज आवाराला किल्ल्याची कळा आहे, ती याच भीतीमुळे.

तेच पाणी कालव्याला

क्रॉमफर्ड कालवा १७९४ मध्ये पूर्ण सुरू झाला. आर्कराइट त्याआधी दोन वर्षं, १७९२ मध्ये वारला होता. अभियंता विल्यम जेसप, सोबत बेंजामिन आउट्रम. लांबी सुमारे २३ किलोमीटर. क्रॉमफर्डच्या धक्क्यापासून निघून तो लँगली मिलपाशी एरेवॉश कालव्याला मिळायचा. चुनखडी, शिसं, कोळसा, लोखंड आणि गिरणीचा माल, सगळं यावरून जाऊ लागलं.

या कालव्याची एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. क्रॉमफर्डपासून बटरलीच्या लांब बोगद्याच्या पलीकडेपर्यंत कालव्यावर एकही झडपेची पायरी, म्हणजे लॉक, नाही. चौदाच्या चौदा लॉक पूर्वेकडच्या उतारावर आहेत. म्हणजे क्रॉमफर्डचा धक्का हा कालव्याच्या सर्वांत वरच्या पातळीवर. नाव खाली उतरताना प्रत्येक लॉकमधून पाणी खाली जातं, आणि ते वरून भरून यावं लागतं. क्रॉमफर्डला हे भरणारं पाणी कोणतं? गिरणीचं चाक फिरवून बाहेर पडलेलं. शिशाच्या खाणीतून निघालेलं पाणी आधी चाक फिरवायचं आणि मग कालव्यात उतरून नावा तरंगवायचं. धक्क्याजवळच्या त्या रुंद पाण्याकडे बघताना हे ध्यानात घेतलं की ते शोभेचं तळं उरत नाही. सगळ्या व्यवस्थेची पावती तिथे साठलेली दिसते.

१८३९ चा निकाल

आता या प्रकरणाचं मर्म. खाणी खोल जात होत्या आणि जुना बोगदा त्यांना पुरत नव्हता. म्हणून त्याहून खालच्या पातळीवर मीरब्रुक सफ नावाचा नवा बोगदा खणला जात होता. डोंगरातलं पाणी खालच्या वाटेने जाऊ लागलं की वरच्या वाटेचं आटणार, हे उघड होतं. आर्कराइट घराणं कोर्टात गेलं. आम्ही इतकी वर्षं हे पाणी वापरतो आहोत, त्यावर आमचा हक्क बसला आहे, असा त्यांचा दावा. ‘आर्कराइट विरुद्ध गेल’ या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे, १८३९ सालचा.

कोर्टाने गिरणीच्या विरोधात निकाल दिला. हा प्रवाह निसर्गाचा नाही, खाण कोरडी करण्यासाठी माणसाने काढलेला आहे. खाणवाल्याला गरज असेल तोवर तो वाहणार. बाहेर पडलेलं पाणी दुसऱ्याने वापरलं म्हणून ‘हे असंच सोडत राहा’ असं खाणवाल्याला सांगण्याचा हक्क त्याला मिळत नाही. नैसर्गिक ओढ्यावरची वहिवाट वेगळी आणि कृत्रिम प्रवाहावरची वेगळी, हा फरक या निकालाने ठळक झाला. पाण्याच्या वहिवाटीवरच्या कायद्याच्या चर्चेत हा निकाल अजूनही येतो.

वकिली बाजू सोडून जरा गिरणीच्या बाजूने पाहू. दोन मोठ्या इमारती, वसाहत, तळं, पन्हळी, झडपा, शेकडो कामगार, हे सगळं दुसऱ्याच्या सांडपाण्यावर उभं होतं, आणि ते सांडपाणी थांबवायचा अधिकार त्या दुसऱ्याकडेच होता. १८४० च्या दशकात पाणी घटलं आणि इथली सूतकताई मंदावत जाऊन बंद पडली.

तहान कालव्यालाही लागली. तेव्हा १८४९ मध्ये धक्क्यापासून थोडं खाली, लीवुड इथे वाफेच्या पंपाचं इंजिनघर बांधलं, डरवेंटचं पाणी उचलून कालव्यात टाकायला. पण नदीवर खालच्या अंगाला इतर गिरण्या होत्या आणि त्यांना पाणी हवं होतं. म्हणून अट घालण्यात आली: शनिवारी रात्री आठपासून रविवारी रात्री आठपर्यंतच पाणी उपसायचं. गिरण्या बंद असतात तेवढ्याच वेळात. आठवड्याला चोवीस तास. लीवुडचं इंजिन अजून चालू स्थितीत आहे आणि हौशी स्वयंसेवक वर्षातल्या काही दिवशी वाफ धरून ते चालवून दाखवतात. लोखंडी तुळई हळूहळू खाली येते आणि पाण्याचा लोंढा कालव्यात पडतो. त्या आवाजाबरोबर कोणी शनिवार-रविवारची अट समजावून सांगितली, तर खोऱ्यातलं पाण्याचं राजकारण लहान मुलालाही कळेल.

विष, आणि त्यानंतरची चिकाटी

गिरणीचं पुढचं शतक विस्कळीत गेलं. आवारात बिअर बनवली गेली, धोबीकाम झालं, सात मजली गिरणी १८९० मध्ये जळाली. १९२२ पासून तिथे रंगद्रव्यं बनवणारा कारखाना आला. १९२९ च्या आगीत पहिल्या गिरणीचे वरचे दोन मजले गेले. १९७९ मध्ये कारखाना निघून गेला तेव्हा मागे उरलं ते शिशाच्या क्रोमेटने माखलेलं आवार. पिवळा रंग देणारं हे विषारी द्रव्य जमिनीत, भिंतींत आणि लाकडात मुरलं होतं.

१९७१ साली गिरणीच्या द्विशताब्दीचा उत्सव झाला. त्यातून आर्कराइट सोसायटी ही संस्था आकाराला आली, आणि १९७९ मध्ये तिने हे आवार विकत घेतलं. एक लहान धर्मादाय संस्था विषाने भरलेली, पडझड झालेली, उत्पन्न नसलेली जागा अंगावर घेते, हे धाडस मला फार मोठं वाटतं. सफाईला वर्षानुवर्षं लागली. २०व्या शतकातली बरीच बांधकामं काढली, जुन्या भिंती मोकळ्या केल्या, जळालेल्या दुसऱ्या गिरणीचा पाया उकरून दाखवला. ती इमारत पुन्हा उभारण्याचा मोह टाळला गेला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जी जळाली ती जळालेलीच दिसते. पहिल्या गिरणीचे गेलेले दोन मजलेही कोणी खोटे चढवले नाहीत. १७ क्रमांकाच्या इमारतीत २०१६ मध्ये माहितीकेंद्र आणि कचेऱ्यांसाठी जागा सुरू झाली. दुकानं, कचेऱ्या आणि उपाहारगृह यांच्या भाड्यातून आवाराच्या खर्चाला हातभार लागतो.

रंगाच्या कारखान्याबद्दल मात्र माझा थोडा आक्षेप आहे. तिथे सूतकताईची वर्षं ७५ च्या आसपास, आणि रंगाची ५७. ज्या पिढ्यांनी त्या पिवळ्या धुळीत काम केलं त्यांची गोष्ट आर्कराइटच्या तुलनेत फारच थोडक्यात उरकली जाते. पहिलेपणाच्या दिमाखात नंतरचे कामगार झाकले जातात, आणि हे आपल्याकडेही होतं.

कालव्याचा क्रॉमफर्ड ते अंबरगेट हा भाग १९७४ मध्ये डर्बीशर काउंटी कौन्सिलने घेतला. आता त्या काठाने लोक फिरतात आणि त्याचा बराचसा भाग निसर्गरक्षणाखाली आहे. धक्क्यावरून स्वयंसेवकांची नाव चालते, कधीकधी घोड्याने ओढलेली. बटरलीचा बोगदा मात्र १९०० मध्ये आतून खचला तो कायमचा, आणि कालव्याचे दोन तुकडे झाले. पूर्ण कालवा जोडण्याचं स्वप्न बघणारी माणसं आहेत, पण मधल्या भागात पाणीच राहिलेलं नाही आणि ठिकठिकाणी कालवा बुजला आहे.

मुंबईकडे पाहताना

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. ती वाफेवर चालली. मुंबईला डोंगरातला प्रवाह नव्हता, पण पाण्यावाचून वाफेचंही चालत नाही. इंजिनातून आलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करायला भरपूर गार पाणी लागतं, आणि गरम झालेलं ते पाणी थंड व्हायला मोकळी जागा लागते. म्हणून गिरण्यांच्या आवारांत तळी असायची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर आणि पुढच्या जमीन-व्यवहारांनंतर गिरण्या गेल्या तेव्हा धुराच्या चिमण्या वाचवाव्यात असं निदान काहींना वाटलं. चिमणी दुरून दिसते. तळं मात्र कोणाच्या डोळ्यात भरत नाही, आणि भराव टाकून ते एका दिवसात जमिनीचा तुकडा होतं.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात कापडगिरणी संग्रहालयाची योजना महापालिकेने आखली, आणि तिथे तळं अजून आहे ही जमेची बाजू. अशा तळ्याचा काठ सुशोभित करताना काही गोष्टी नोंदवायला हव्यात. पाणी तळ्यात कुठून येत होतं, इंजिनघराकडे कोणत्या नळातून जात होतं, गरम होऊन परत कुठे पडत होतं, पावसाळ्यात जास्तीचं कोणत्या गटाराला मिळत होतं. हे नळ आणि गटारं जमिनीखाली असतात, आणि पहिलं खोदकाम करणारं यंत्र ती नकळत तोडून टाकतं. जुन्या यंत्रखात्यातल्या कामगारांना ती वाट पाठ असते. त्या पिढीतले बरेचजण आता ऐंशीच्या घरात आहेत.